मामाचं गॅरेज, अकरावी कॉमर्स आणि 85 हजारांचं सेंटर

सर,

माझा मुलगा 16 वर्षांचा आहे. दहावीला 54 टक्के पडले, गणितात कसेबसे 38. नातेवाइकांच्या सांगण्यावरून अकरावी कॉमर्सला घातला. कॉलेज नावापुरतं चालू आहे, आठवड्यातून एखाद-दोन दिवस जातो. बाकी सगळा वेळ माझ्या भावाच्या टू-व्हीलर गॅरेजमध्ये. सकाळी दहाला गेला की रात्री साडेनऊला येतो, कपडे ऑइलने काळेकुट्ट. पण चेहरा खुललेला असतो, हे मला नाकारता येत नाही. घरात तोंड न उघडणारा मुलगा जेवताना इंजेक्टर आणि सेन्सरवर बोलत बसतो.

आता शेजारच्या बाईंनी एक खासगी सेंटर सुचवलंय. तिथे प्रत्येक मुलाचा अभ्यासक्रम वेगळा, ज्याने त्याने आपल्या गतीने शिकायचं, बारावी ओपन स्कूलमधून, आणि शेवटी 'जॉब-रेडी' असल्याचं सर्टिफिकेट. वर्षाचे 85 हजार. मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. पैसे कुठून तरी उभे करू, पण मुलाचं भलं होईल का? ओपनमधून बारावी केलेल्याला कंपनीत घेतात का? आणि स्वतःच्या गतीने शिकायची सवय लागलेल्या मुलाला नोकरीतली शिस्त कशी लागणार? मिस्टर म्हणतात, कॉलेज सुटलं की पोरगा हातचा गेला.

— अ. प., सातारा

*

ताई,

पैसे भरले नसतील तर भरू नका. सेंटर वाईटच असेल असं मी म्हणत नाही, मी ते पाहिलेलंही नाही. पण तुम्ही जे विकत घ्यायला निघालात त्यातलं बरंचसं तुमच्या घरात, तुमच्या भावाच्या गॅरेजात आणि मुलाच्या त्या अर्धवट चाललेल्या कॉलेजात पडलेलं आहे. आणि जे तिथे नाही, ते 85 हजारांत मिळेलच याची खात्री नाही.

तुमच्या प्रश्नांतला शिस्तीचा प्रश्न मी आधी घेतो, कारण खरी मेख तिथे आहे.

मी बरीच वर्षं आयटीआयत शिल्प निदेशक, म्हणजे वर्कशॉप शिकवणारा शिक्षक होतो. नंतर अप्रेंटिस (कंपनीत काम करत शिकणारा उमेदवार) निवडीसाठी मुलाखती घ्यायला कंपन्यांत बसलो. पहिल्या नोकरीवर लागलेली पोरं पहिल्या दोन-तीन महिन्यांत का सुटतात, हे जवळून पाहिलंय. 'काम येत नाही' म्हणून सहसा कुणाला काढत नाहीत, नव्या पोराला काम येत नसणारच हे सुपरवायझरने गृहीत धरलेलं असतं. पोरगं जातं ते वेगळ्याच कारणांनी. सोमवारी दांडी मारली आणि फोन केला नाही. थ्रेड खराब झाला तो कुणाला न सांगता नट तसाच दाबून बसवला. तीन कामं सांगितली, लिहून घेतली नाहीत, दोनच केली. समजलं नसताना 'हो सर, हो सर' म्हणत राहिला. यातली शेवटची सवय सगळ्यांत महागात पडते, आणि ती लावते आपली शाळाच. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात 'कळलं का रे?' याला 'होऽऽ' असं एका सुरात उत्तर द्यायची दहा वर्षं तालीम झालेली असते.

त्यामुळे वर्गात बसलेलं पोरगं शिस्तीचं आणि आपल्या गतीने शिकणारं बेशिस्त, हा हिशोब मला मान्य नाही. बेंचवर बसणं आणि जबाबदारी घेणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पण मिस्टरांच्या भीतीत तथ्यही आहे. मुलाच्या कलाने शिकवण्याच्या नावाखाली आज बाजारात जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं म्हणजे टॅबवरचे व्हिडिओ, खाली चार प्रश्न, बरोबर आलं की हिरवी खूण, चुकलं की पुन्हा प्रयत्न करा. मुलाला आवडेल ते पुढे, नावडेल ते मागे. चूक केली म्हणून कुणाचं काही अडत नाही, उशीर झाला म्हणून कुणी खोळंबत नाही. अशा ठिकाणी दोन वर्षं काढलेला मुलगा कामावर गेला की पहिल्याच आठवड्यात बुजतो, कारण तिथे त्याच्या कलाने घेणारं कुणी नसतं.

मग मुलागणिक वेगळं शिक्षण कामासाठी उपयोगी पडतं ते केव्हा? आपल्याच राज्यातलं एक उदाहरण सांगतो. ते बघायला तुम्हाला साताऱ्याहून फार लांब जावं लागणार नाही.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरमधली मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून आलेला हा माणूस. त्यांचं म्हणणं साधं होतं: शाळेत नापास ठरलेलं मूल हाताने काम करताना नापास नसतं, तेव्हा हातातून डोक्याकडे जाऊ. त्यातून आठवी ते दहावीसाठी एक अभ्यासक्रम उभा राहिला. नेहमीच्या शाळेतच आठवड्याचा एक दिवस हातकामाचा: वर्कशॉप, शेती-पशुपालन, ऊर्जा आणि पर्यावरण, घर आणि आरोग्य. राज्य मंडळाने तो मान्य केला आणि राज्यातल्या कितीतरी शाळांत गेला. मुली वेल्डिंग करतात, मुलगे चिक्की करतात आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. (गांधीजींनी 1937 मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली तेव्हा काहीसं हेच सांगितलं होतं. आपण त्यावर भाषणं खूप केली.)

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलं सराव म्हणून लोखंड कापून फेकून देत नाहीत. गावातल्या कुणाला तरी हवं असलेलं स्टूल, कोंबड्यांचा पिंजरा, फाटकाची कडी, असं खरं काम घेतात. आणि काम संपलं की वहीत कॉस्टिंग लिहितात: अँगल किती फूट लागला, किलोला काय भाव, वेल्डिंग रॉड किती जळाले, वीज किती, मजुरी किती, म्हणून स्टूल इतक्याला पडलं. या एका पानात टक्केवारी आली, एककं आली, मराठीत नीट लिहिणं आलं आणि दुसऱ्याला हिशोब दाखवायची सवयही आली. शिवाय स्टूल डुगडुगलं तर गिऱ्हाईक ते परत आणून ठेवतं.

आता बघा, इथे प्रत्येक मुलाची वाट वेगळी असते. कुणाला मापं पटकन कळतात, कुणी एक पाय सेंटिमीटरभर आखूड कापतो तेव्हा त्याला दशांश चिन्हाचा अर्थ कळतो. कुणी दोन दिवसांत शिकतो, कुणाला महिना लागतो. पण स्टूल डुगडुगता कामा नये, हे सगळ्यांना सारखंच. शिकायची वाट मुलाच्या सोयीची असू दे, काम पसंत करणारा माणूस मात्र बाहेरचा हवा. माझ्या मते सगळी गोम यात आहे, आणि कोणतंही सेंटर, कोणतीही शाळा मी याच एका कसोटीवर तपासेन.

त्या कसोटीवर मामाचं गॅरेज अर्धं पास आहे.

पास कशात, तर काम खरं आहे आणि गिऱ्हाईकही खरं आहे. मुलगा इंजेक्टरवर बोलतो म्हणालात, ही साधी गोष्ट नाही. 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-6 नियम लागू झाला आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, सेन्सर आणि गाडीचा छोटा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू आले. पूर्वी मिस्त्री कान लावून आवाज ऐकायचा. आता काही गाड्यांत मीटरवरचा इंजिनाचा दिवा ठरावीक पद्धतीने उघडझाप करतो. एक लांब उघडझाप म्हणजे दहा, एक छोटी म्हणजे एक, असा आकडा जुळवायचा आणि मॅन्युअलमधल्या तक्त्यात बघायचं की कोणत्या सेन्सरची तक्रार आहे. मॅन्युअल बहुधा इंग्रजीत. म्हणजे ज्या इंग्रजीला आणि गणिताला कंटाळून पोरगं गॅरेजात पळालं, ती दोन्ही त्याच्या आधीच तिथे जाऊन बसली आहेत! त्याला हे एकदा हसत हसत सांगा.

आणि गणिताचं म्हणाल तर 38 मार्क मिळवणाऱ्या मुलाला गुणोत्तर पाठ्यपुस्तकात कळलं नसेल, पण चेन-स्प्रॉकेट बदलताना नक्की कळेल. पुढे 14 दाते, मागे 42. मागचं दातेरी चाक एकदा फिरायला पुढचं दातेरी चाक किती वेळा फिरायला हवं? मागच्या दात्यांची संख्या कमी केली तर पिकअप वाढेल की घटेल? मामाला विचारू नको, आधी तू सांग. प्लगचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजताना 0.8 आणि 0.9 मिलिमीटरमधला फरक त्याच्या बोटांना कळतो, तो कागदावरही कळायला हवा. एखाद्या चांगल्या शिक्षकाने याच धाग्याने दहावीचं अर्धं गणित त्याच्याकडून पुन्हा करून घेतलं असतं. मुलागणिक शिक्षण म्हणतात ते हे. त्याला टॅब लागत नाही. शेजारचा एखादा डिप्लोमावाला मुलगा आठवड्यातून दोन संध्याकाळी बसला तरी पुरे.

नापास कशात, तर कागदात. मामाच्या गॅरेजात गाडी आली की 'लाव तिकडे, संध्याकाळी ये' एवढ्यावर काम चालतं, कारण गिऱ्हाईक ओळखीचं असतं. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला हेच काम जॉबकार्डाशिवाय सुरू होत नाही. किलोमीटर किती झाले, टाकीत पेट्रोल किती, टाकीवर आधीचा ओरखडा आहे का, गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, खर्चाचा अंदाज, गाडी कधी मिळणार, खाली सही. 'गाडी आवाज करते' एवढं लिहून भागत नाही. थंड इंजिनावर की तापल्यावर? ब्रेक दाबल्यावर की गियर टाकताना? असे दोन-तीन प्रश्न नीट विचारता आले तर मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो. हे विचारता येणं हीच नव्या पोराची पहिली किंमत. पाना चालवणारे हात पुष्कळ असतात.

म्हणून त्याला एक लांब वही आणून द्या आणि मामाला सांगा, भाचा ज्या गाडीला हात लावेल ती वहीत गेलीच पाहिजे. तारीख, गाडी, तक्रार, काय आढळलं, काय केलं, कोणता पार्ट, किती रुपये, किती वेळ, आणि गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली का. शेवटचा रकाना तो टाळेल, तोच सक्तीचा ठेवा. रविवारी ही वही तुम्ही वाचायची. तुम्हाला गाड्यांतलं कळत नाही ही अडचण नाही, उलट ते बरंच आहे. तुम्हाला वाचून कळलं तर त्याने नीट लिहिलंय. आणि या बाबतीत त्याची खरी शिक्षिका तुम्हीच आहात. ब्लाउजच्या मापांच्या तुमच्या वहीत छाती, कंबर, बाही, गळ्याची खोली, अस्तर कुणी दिलं, अॅडव्हान्स किती, आणि लग्न 20 तारखेला म्हणून 17 ला द्यायचं, हे सगळं असतं ना? गिऱ्हाइकाला दिलेली तारीख चुकली की काय होतं, हे त्याला तुमच्याइतकं कोण सांगणार? एकदा ती वही त्याच्यासमोर उघडून ठेवा.

पुढे अप्रेंटिसच्या मुलाखतीला जाताना ही वही सोबत न्यायची. 'जॉब-रेडी' सर्टिफिकेटांच्या चकचकीत फायली मी भरपूर पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या. ऑइलचे डाग पडलेली, तारखा असलेली, चुकाही लिहिलेली वही पुढे आली तर कुठलाही फोरमन ती उघडून बघेल आणि तिच्यातूनच प्रश्न विचारेल. मग मुलाखत पोराच्या मैदानावर होते.

एक गोष्ट मात्र लगेच बदला. 16 वर्षांच्या मुलाने रात्री साडेनऊपर्यंत गॅरेजात थांबायचं नाही. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याची कामं कायद्याने बंद आहेत. इतर कामांतही दिवसाचे तास मर्यादित आहेत, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते आणि संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळात काम करून घेता येत नाही. मामा घरचाच आहे, तो काही भाच्याला राबवत नसेल, हे मला कळतं. पण दहा-अकरा तास उभं राहून आलेलं पोरगं पुस्तक कशाला उघडेल? दुपारी दोन ते सहा, मध्ये चहाची सुट्टी. भरपूर झालं. आणि महिन्याला थोडे का होईना पैसे मामाने ठरवून, तारखेला, त्याच्या बँक खात्यात द्यावेत. 'हे घे शंभर, वडापाव खा' हे नको.

मामाचा आणखी एक धोका आहे, रागावू नका. मामा मायेचा असतो. भाच्याने स्टड तोडला तर तो हसून दुसरा बसवेल. म्हणून वर्षातले दोन-तीन महिने तरी त्याला ओळख नसलेल्या ठिकाणी काम करू द्या, दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत. दुसऱ्याच्या तोंडून 'हे परत कर' ऐकायची सवय नात्यातल्या माणसाकडून लागत नाही.

आता ओपन स्कूल. एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) ही केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालची संस्था आहे, 1989 पासून चालू आहे, आणि तिचं बारावीचं प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचं धरलं जातं. पुढच्या शिक्षणाला आणि सरकारी भरतीला ते चालतं. त्यामुळे 'ओपनवाल्याला घेत नाहीत' ही भीती काढून टाका. विषय निवडायची मुभा मोठी आहे, नेहमीच्या विषयांसोबत एखादा व्यावसायिक विषय घेता येतो. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा असते. एकदा केलेली नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. हे सगळं थेट त्यांच्याकडे नाव नोंदवून काही हजार रुपयांत होतं. सेंटरच्या 85 हजारांतले बाकीचे पैसे कशाचे, हे तुम्ही विचारायलाच हवं.

पण त्या नऊ संधी हाच खड्डा आहे. ज्याला आजारपण आहे, जो खेळाडू आहे, जो कमावून शिकतोय, त्याच्यासाठी ही सवलत वरदान आहे. ज्याला फक्त कॉलेज टाळायचंय त्याच्यासाठी ती 'पुढच्या वेळी देऊ' म्हणायची पाच वर्षांची सोय होते. पहिल्या परीक्षेला दोन विषय, दुसऱ्यांदा एक, मग गॅप, मग मित्र डिप्लोमा होऊन बाहेर पडलेले. असे मुलगे माझ्यासमोर येऊन बसायचे तेव्हा 22 वर्षांचे असायचे आणि हातात फक्त दहावी असायची. आपल्या गतीने शिकणाऱ्याने तारीख आपणच ठरवायची असते आणि मग तिला बांधून घ्यायचं असतं. हे ज्याला 16 व्या वर्षी जमलं त्याला नोकरीत शिस्त लावायला लागत नाही. पण हे आपसूक जमत नाही, घरातल्या कुणाला तरी वर्षभर मागे उभं राहावं लागतं. शिवाय बारावीच्या पातळीवर मराठी माध्यमाची काय सोय आहे, अभ्याससाहित्य कोणत्या भाषेत मिळेल, हे नोंदणीआधी विचारून घ्या. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा घरी एकटाच इंग्रजी किंवा हिंदी पुस्तक घेऊन बसला तर महिन्याभरात ते कपाटावर जातं.

तरीही सेंटर बघायचंच असेल तर मिस्टरांना घेऊन जा, तेही दुपारच्या वेळी, न कळवता. काउन्सेलरच्या केबिनमध्ये बसू नका, वर्गात डोकवा. मुलं काय करतायत? त्यांनी केलेलं काम कोण वापरतं, की ते फायलीतच राहतं? गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या पाच मुलांशी फोनवर बोलायला मिळेल का, हे विचारा. भिंतीवरचे फोटो नकोत, फोन हवेत. 'जॉब-रेडी' सर्टिफिकेट कोणत्या सरकारी चौकटीत बसतं हे लेखी मागा. आणि मुलगा तीन महिन्यांत सोडून गेला तर किती पैसे परत, तेही लेखी. या प्रश्नांवर माणूस चुळबुळायला लागला तर चहा पिऊन घरी या.

माझा स्वतःचा सल्ला वेगळा आहे. तुमच्या मुलाची जागा सरकारी आयटीआयत आहे. राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत, साताऱ्यातही आहे, आणि फी या सेंटरच्या मानाने नावापुरती. मोटार मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा, आता इलेक्ट्रिक गाड्यांचाही ट्रेड निघालाय. जवळच्या आयटीआयत यातलं काय आहे ते जाऊन बघा. दोन वर्षांचा ट्रेड करून राज्य मंडळाच्या भाषा विषयांची परीक्षा दिली तर बारावीची समकक्षता मिळते, म्हणजे 'बारावीही नाही' हा टोमणा संपला. पुढे शिकावंसं वाटलं तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. आणि अप्रेंटिसशिप आहेच. 2019 च्या नियमांप्रमाणे दहावी झालेल्या अप्रेंटिसला महिना किमान 6 हजार, आयटीआय झालेल्याला 7 हजार विद्यावेतन ठरलेलं होतं. कंपन्या त्याहून जास्तही देतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरला हेल्पर म्हणून कुणालाही घेतील, पण टेक्निशियनच्या खुर्चीसाठी बहुतेक ठिकाणी आयटीआय किंवा डिप्लोमा विचारतात.

'मग आयटीआय म्हणजे पुन्हा वर्गच ना?' असं तो विचारेल. वर्ग आहे, पण दिवसाचा मोठा भाग वर्कशॉपात जातो. खरं सांगायचं तर सगळ्याच आयटीआय सारख्या नाहीत. काही ठिकाणी इंजिनं वीस वर्षांपूर्वीची आहेत आणि निदेशकांच्या जागा रिकाम्या आहेत. तिथेच मामाचं गॅरेज आणि ती वही कामाला येते. संस्थेत तत्त्व आणि प्रमाणपत्र, गॅरेजात आजची गाडी. त्याचा अभ्यासक्रम असा आपणच जोडायचा.

या वर्षीचे आयटीआयचे प्रवेश आता संपलेत. म्हणून जूनपर्यंतचं वर्ष वाया न घालवता असं करा: कॉलेज सोडायचं नाही. सकाळी कॉलेज, दुपारी गॅरेज. कॉमर्सकडे तो 'माझ्या कामाचं नाही' म्हणून बघत असेल तर त्याला विचारा, उद्या स्वतःचं गॅरेज टाकशील तेव्हा उधारी कोण लिहिणार? बुककीपिंग आणि इंग्रजी या दोन तासांना तरी त्याने बसावं आणि मामाच्या गॅरेजची महिन्याची जमाखर्चाची वही त्याने लिहावी. डेबिट-क्रेडिट मग आपोआप डोक्यात बसेल. वर्गशिक्षकांना जाऊन भेटा, हजेरीची स्थिती विचारा आणि मुलगा काय करतोय ते लपवू नका. सगळेच शिक्षक समजून घेतील असं नाही, पण एखादे तरी घेतात. अकरावी पास झाला आणि आयटीआय मिळालं तर उत्तम. आयटीआय नाही मिळालं तर बारावी तिथेच करायची की एनआयओएसला जायचं, हे तेव्हा त्याची वही बघून ठरवा. वर्षभर वही भरली असेल तर तो ओपन पेलेल. जानेवारीपासून कोरी असेल तर त्याला वर्गच बरा.

मिस्टरांना एवढंच सांगा की पोरगा रोज ठरल्या वेळी उठून ठरल्या जागी जातोय, तेव्हा तो हातचा गेलेला नाही. एसटीतली रात्रवस्तीची ड्युटी, तिकिटांचा हिशोब, डेपोत भरणा करताना दहा रुपये कमी पडले तर काय होतं, हे त्यांनी त्याला कधी सांगितलंय का? बापाच्या नोकरीत नेमकं काय काय असतं, हे आपल्या घरांतल्या मुलांना माहीतच नसतं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याला डेपोत घेऊन जाऊ द्या. वर्कशॉपात बसचं इंजिन उघडलेलं बघायला मिळालं तर तो स्वतःहून चार प्रश्न विचारेल.

शेवटी कागदपत्रांचं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला अकरावीच्या प्रवेशावेळी कॉलेजात जमा झाला असेल. आयटीआयचे ऑनलाइन अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात आणि मूळ कागद ठरलेल्या तारखांतच दाखवावे लागतात. निकालाची वाट न बघता मे महिन्यातच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन दाखला परत मिळायला किती दिवस लागतात, कोणता अर्ज द्यावा लागतो ते विचारून ठेवा. जातीचा दाखला लागणार असेल आणि काढलेला नसेल, तर तो अर्ज मात्र आत्ताच टाका. जूनमध्ये तिथे रांगा असतात.